ॲपला हवं असतं फक्त पुस्तकाचं नाव, सर्व्हर पाठवतो अख्खं कपाट; हे ‘लेझी लोडिंग’चं लफडं नेमकं काय आहे?

सोशल मीडियाच्या फीडवर झपाझप स्क्रोल केलंत की फोटोच्या जागी क्षणभर राखाडी चौकोन दिसतो. नेट स्लो असेल तर जरा जास्तच वेळ दिसतो. कारण तो फोटो आधीपासून आणून ठेवलेला नसतो. तुम्ही तिथवर पोहोचलात की मग तो मागवला जातो. याला म्हणतात लेझी लोडिंग. लागेल तेव्हाच आणायचं, तोवर हलायचं नाही. 2019 मध्ये क्रोमने 76 व्या आवृत्तीपासून ही सोय थेट ब्राउझरमध्येच देऊन टाकली.

हाच आळस सर्व्हरच्या पोटातही चालतो, डेटाबेसमधून माहिती काढताना. तिथे तो आपल्याला दिसत नाही. पण तिथे गडबड झाली की कधी ॲप गोल गोल फिरत बसतं, कधी एरर येते, आणि कधी तुमचा फोन नंबर, पत्ता किंवा लोकेशन भलत्याच माणसाच्या फोनवर जाऊन पडतं. स्क्रीनवर मात्र त्याचा मागमूसही नसतो. यातला शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो कुणाच्या लक्षातच येत नाही. ना वापरणाऱ्याच्या, ना बनवणाऱ्याच्या.

तर आज हे प्रकरण समजून घेऊ. कोडिंग येत नसेल तरी काही अडत नाही.

आधी हा आळस कशासाठी?

तालुक्याच्या गावातलं एक वाचनालय डोळ्यांसमोर आणा. काल्पनिकच आहे. त्यांनी सभासदांसाठी ॲप काढलंय. डेटाबेसमध्ये सभासदांचं एक टेबल, पुस्तकांचं एक आणि देवघेवीचं एक.

प्रोग्रॅमरला टेबलं आणि ओळी घेऊन काम करायला आवडत नाही. त्याला ‘ऑब्जेक्ट’ आवडतात. म्हणजे ‘सभासद’ नावाची एक वस्तू, तिच्यात नाव, नंबर, पत्ता, भरलेली अनामत आणि ‘नेलेली पुस्तकं’ ही यादी. त्या यादीतल्या प्रत्येक पुस्तकाच्या पोटात आणखी एक यादी: हे पुस्तक आजवर कोणी कोणी नेलं. त्या यादीत पुन्हा सभासद. त्यांची पुन्हा पुस्तकं. एक धागा ओढला की सगळं वाचनालय बाहेर येईल.

म्हणून टेबलांचं ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करणारी सॉफ्टवेअर एक युक्ती करतात. तुम्ही सभासद मागितला की फक्त सभासद आणतात. यादीच्या जागी एक चिठ्ठी ठेवतात: ‘बाकीचं कपाटात आहे, लागलं तर सांगा.’ प्रोग्रॅमने यादीला हात लावला की चिठ्ठी जागी होते, डेटाबेसकडे पळते आणि पुस्तकं घेऊन येते. प्रोग्रॅमरला वाटतं, यादी आधीपासून तिथेच होती.

जावाच्या दुनियेत हे काम करणारं सगळ्यात गाजलेलं सॉफ्टवेअर म्हणजे हायबरनेट. गॅव्हिन किंग या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने 2001 मध्ये ते सुरू केलं. नावाचा अर्थच शीतनिद्रा, त्यामुळे आळसाबद्दल तक्रार करायला जागा नाही. 2005 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तर चिठ्ठी ठेवणं हाच त्याचा नेहमीचा शिरस्ता झाला. या चिठ्ठीला तांत्रिक भाषेत प्रॉक्सी म्हणतात. मार्टिन फाउलर यांनी 2002 च्या आपल्या पुस्तकात लेझी लोडिंगचे चार प्रकार सांगितलेत, त्यातल्या एकाचं नाव चक्क ‘घोस्ट’ आहे. दिसतं सगळं, आत काही नाही.

चिठ्ठी पोस्टात टाकली तर?

इथपर्यंत सगळं छान आहे. पण त्या चिठ्ठीची एक अट आहे. डेटाबेसशी चाललेलं बोलणं, म्हणजे सेशन, चालू असेपर्यंतच ती वटते. वाचनालयाचं दार उघडं आहे तोवर. दार बंद झालं की ती नुसता कागद.

आता सभासदाने घरी बसून ॲपवर ‘माझी पुस्तकं’ दाबलं. सर्व्हरला ती माहिती त्याच्या फोनवर पाठवायची आहे. मेमरीतला ऑब्जेक्ट काही हवेतून जात नाही, त्याचा आधी मजकूर करावा लागतो. आजकाल बहुतेक वेळा जेसन नावाच्या मांडणीत. हे काम करणारं साधन (जावात बहुधा जॅक्सन) अगदी सरकारी पंचनाम्यासारखं वागतं. ऑब्जेक्टमधली प्रत्येक गोष्ट उघडून बघायची आणि लिहून घ्यायची. कोणती गोष्ट लागणार, कोणती नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. चालता चालता ते चिठ्ठीपाशी येतं आणि तिलाही हात लावतं.

दार बंद झालेलं असेल तर तिथेच सगळं कोसळतं. जावावाल्या मंडळींना ‘लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन’ हे नाव सांगून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो. एररचा मजकूर साधारण असा असतो, की प्रॉक्सी भरता आली नाही, कारण सेशनच नाही.

दार उघडं असेल तर चिठ्ठी आज्ञाधारकपणे डेटाबेसकडे पळते. पुस्तकं आली. पंचनामा प्रत्येक पुस्तकात शिरतो, तिथली चिठ्ठी उघडतो, ते पुस्तक नेलेले सगळे सभासद येतात. त्यात आपला मूळ सभासदही असतोच. पंचनामा पुन्हा त्याच्यात शिरतो. मग पुन्हा पुस्तकं. हे चक्र मेमरीचा ठरलेला कोपरा भरेपर्यंत फिरतं आणि मग प्रोग्रॅम मान टाकतो.

एक लक्षात घ्या, मुळात मागितलं काय होतं? पुस्तकाचं नाव आणि परत करायची तारीख.

‘चालतंय ना, मग राहू दे’ वाले उपाय

एरर आली की माणूस आधी ती बंद करतो, कारण नंतर शोधतो. इथेही तसंच झालं आणि त्यातून तीन-चार उपाय रूढ झाले.

पहिला उपाय म्हणजे उत्तर पूर्ण पाठवून होईपर्यंत दार उघडंच ठेवायचं. याला ओपन सेशन इन व्ह्यू म्हणतात. एरर गायब होते. पण आता पंचनामा करणारं साधन डेटाबेसला किती वेळा उठवतंय यावर कुणाचं लक्ष उरत नाही. यादीसाठी 1 क्वेरी, मग यादीतल्या प्रत्येक पुस्तकासाठी आणखी 1. पुस्तकं 50 असतील तर 51 क्वेरी. प्रोग्रॅमर याला ‘एन प्लस वन’ म्हणतात.

51 हा आकडा मोठा वाटत नाही ना? डेटाबेस शेजारच्याच मशीनवर असेल आणि एका खेपेला 1 मिलिसेकंद लागत असेल तर सगळं पापणी लवायच्या आत उरकतं. प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर हेच घडतं, म्हणून त्याला काही जाणवत नाही. आता समजा सर्व्हर मुंबईत आहे आणि डेटाबेस न्यूयॉर्कजवळ. सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. फायबरच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन एका खेपेला किमान 125 मिलिसेकंद, तेही केबल अगदी सरळ असेल तर. 51 खेपा एकामागोमाग एक झाल्या तर सहा सेकंदांहून जास्त. सहा सेकंदांत माणूस ॲप बंद करून रील्सवर गेलेला असतो.

जावावर ॲप बनवण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्प्रिंग बूटमध्ये हे उघडं दार डीफॉल्ट चालू असतं. 2018 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ॲप सुरू होताना त्याबद्दल एक इशारा छापून येतो. शेकडो ओळींच्या गर्दीत तो कितीजण वाचतात, हा वेगळा विषय.

दुसरा उपाय बरोबर उलटा. आळसच नको, सगळं आधीच आणा. मग एखाद्याला फक्त सभासदाचं नाव हवं असलं तरी त्याच्यासोबत सगळी यादी उचलून येते. शिवाय एकाच क्वेरीत दोन याद्या जोडल्या की त्यांचा गुणाकार होतो. 50 पुस्तकं आणि वर्गणीच्या 20 पावत्या, म्हणजे डेटाबेसकडून 70 नाही तर 1,000 ओळी येतात.

तिसरा उपाय मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो सगळ्यात शहाणा दिसतो. पंचनामा करणाऱ्या साधनाला सांगायचं, की न उघडलेली चिठ्ठी दिसली तर तिला हात लावू नकोस, तिथे रिकामं लिही. एरर नाही, जादा क्वेरी नाही, सगळे खूश. पण फोनला काय कळलं? ‘या सभासदाकडे एकही पुस्तक नाही.’ खरं तर सर्व्हरला म्हणायचं होतं, ‘मी बघितलं नाही.’ माहीत नाही आणि काहीच नाही, या दोन गोष्टी एकाच रिकाम्या कंसात बसवल्या गेल्या.

याचा फटका पुढे बसतो. सभासदाने ॲपमध्ये फक्त आपला पत्ता बदलला आणि ‘सेव्ह’ दाबलं. फोनने अख्खा ऑब्जेक्ट परत पाठवला, रिकाम्या यादीसकट. सर्व्हरवरच्या हायबरनेटला तो जसाच्या तसा दिला आणि ‘यादीतून जे गेलं ते डेटाबेसमधूनही पुसा’ अशी सेटिंग असेल, तर ते प्रामाणिकपणे सगळ्या नोंदी पुसून टाकतं. पत्ता बदलायला गेलेल्या माणसाचा देवघेवीचा हिशेबच साफ. आणि लॉगमध्ये एकही एरर नाही!

हे भांडण जुनंच आहे

लांबच्या मशीनवरची वस्तू आणि आपल्या मेमरीतली वस्तू सारखीच आहे असं समजून कोड लिहिता आला तर किती छान, हे स्वप्न 1990 च्या दशकात बऱ्याच कंपन्यांना पडलं होतं. 1994 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतल्या जिम वॉल्डो आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एक टिपण लिहून या स्वप्नाला टाचणी लावली. त्यांचं म्हणणं साधं होतं. लांबच्या वस्तूला हात लावायला वेळ लागतो, तिची मेमरी आपली नसते, आणि मधेच अर्धं काम होऊन अर्धं बंद पडू शकतं. हे फरक झाकले तरी ते जात नाहीत.

गंमत म्हणजे त्यानंतरही तेच होत राहिलं. जावाच्या डेस्कटॉप ॲपमध्ये सर्व्हरवरचा ऑब्जेक्ट चिठ्ठ्यांसकट दुसऱ्या मशीनवर जायचा आणि तिथे चिठ्ठी उघडायला गेलं की बिचाऱ्या मशीनला डेटाबेस कुठे आहे हेच माहीत नसायचं. 2006 मध्ये गूगलचं जीडब्ल्यूटी आलं, जावात लिहा आणि ब्राउझरमध्ये चालवा म्हणणारं. तिथेही हायबरनेटच्या खास याद्या ब्राउझरला समजेनात. त्या उतरवून घ्यायला लोकांनी वेगळ्या लायब्ररी लिहिल्या. आता मोबाइल ॲप आहेत. नावं बदलली, चिठ्ठी तीच.

पण यात आपलं काय जातं?

समजा वाचनालयाच्या ॲपने दार उघडं ठेवलं आणि चक्र फिरू नये म्हणून मधे कुठेतरी ते तोडलं. आता ॲप नीट चालतंय. स्क्रीनवर पुस्तकाचं नाव आणि तारीख. पण फोनपर्यंत आलेल्या मजकुरात हे पुस्तक आधी नेलेल्या प्रत्येक सभासदाचं नाव, नंबर आणि पत्ताही आहे. स्क्रीनने तो दाखवला नाही, एवढंच. कुणी कोणतं पुस्तक वाचलं, ही गोष्ट तशी खासगी. एखाद्या बाईने घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक नेलं असेल, तर ते तिच्या शेजाऱ्याच्या फोनवर जायचं कारण काय?

वाचनालय काल्पनिक आहे, पण हा प्रकार नाही. टिंडर हे डेटिंग ॲप स्क्रीनवर फक्त ‘समोरची व्यक्ती इतक्या मैलांवर’ एवढंच दाखवायचं. 2013 मध्ये लक्षात आलं, की सर्व्हर फोनला त्या व्यक्तीचे नेमके अक्षांश-रेखांशच पाठवत होता. ते बंद झालं. मग 2014 च्या फेब्रुवारीत इन्क्लूड सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की नंतर पाठवलं जाणारं अंतरही दशांशचिन्हापुढे कितीतरी आकड्यांपर्यंत अचूक होतं. तीन वेगवेगळ्या जागांवरून तेच अंतर विचारलं की भूमितीने माणूस साधारण शंभर फुटांच्या आत सापडायचा. हा अहवाल बाहेर येईपर्यंत ती चूकही दुरुस्त झाली होती.

टिंडरच्या या घटनेला लेझी लोडिंग कारणीभूत होतं, असं माझं म्हणणं नाही. पण सवय तीच: आहे ते सगळं पाठवून द्या, दाखवायचं काय ते फोन ठरवेल. आणि फोन कुणाच्या हातात आहे, ते सर्व्हरला कधीच माहीत नसतं. ओवास्प या संस्थेने 2019 मध्ये एपीआय सुरक्षेच्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढली, त्यात गरजेपेक्षा जास्त माहिती पाठवणं तिसऱ्या क्रमांकावर होतं. आपल्याकडच्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमतीचा अर्थ ठरलेल्या कामासाठी लागेल तेवढ्याच माहितीपुरता धरलाय.

मग करायचं काय?

उत्तर कंटाळवाणं आहे. डेटाबेसमधला ऑब्जेक्ट बाहेर पाठवायचाच नाही. बाहेर पाठवण्यासाठी वेगळी, छोटी वस्तू बनवायची. ‘माझी पुस्तकं’ या पानासाठी तिच्यात दोनच रकाने: पुस्तकाचं नाव, परत करायची तारीख. चिठ्ठी नाही, पोटात दुसरी यादी नाही. हिला डीटीओ म्हणतात, डेटा ट्रान्सफर ऑब्जेक्ट. ती दार उघडं असतानाच भरायची, मग दार लावायचं आणि फक्त ही वस्तू पोस्टात टाकायची. त्याहून चांगलं म्हणजे डेटाबेसकडेच तेवढे दोन रकाने मागायचे. मग चिठ्ठीचा प्रश्नच येत नाही, आणि 51 क्वेरींच्या जागी एक पुरते.

प्रोग्रॅमर यावर कुरकुरतात आणि त्यांचंही खोटं नाही. एकच सभासद तीन-चार रूपांत लिहायचा, प्रत्येक पानासाठी नवी वस्तू, नवा रकाना आला की चार ठिकाणी बदल. डेडलाइन डोक्यावर असताना हे कारकुनी काम वाटतं. जावामध्ये 2021 पासून, म्हणजे 16 व्या आवृत्तीपासून, ‘रेकॉर्ड’ पक्के झाले आणि अशी वस्तू एका ओळीत लिहिता येऊ लागली. म्हणजे अर्धी कुरकुर तरी कमी व्हायला हरकत नाही. पण त्या कारकुनीतच खरं काम आहे, असं मला वाटतं. कोणता रकाना बाहेर जाणार, हे कुणीतरी माणसाने बसून लिहिलेलं असतं. उद्या सभासदाच्या टेबलात आधार क्रमांकाचा रकाना वाढला, तर तो आपोआप फोनवर पोहोचत नाही.

फेसबुकने दुसरी वाट काढली. 2012 मध्ये कंपनीत वापरायला सुरुवात केलेलं ग्राफक्यूएल त्यांनी 2015 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात फोनच सांगतो, मला हे दोन रकाने द्या. पाठवणं आटोपशीर झालं, पण सर्व्हरवर तेच ‘एन प्लस वन’ मागच्या दाराने परत येतं, त्यासाठी मागण्या गोळा करून एकदम नेणारं डेटालोडर नावाचं वेगळं साधन लागतं. आणि फोनने काय मागितलं तर द्यायचं नाही, हे सर्व्हरलाच ठरवावं लागतं.

उलट्या दिशेचाही बंदोबस्त लागतो. 2012 च्या मार्चमध्ये एगोर होमाकोव्ह या तरुण प्रोग्रॅमरने गिटहबला पाठवलेल्या एका फॉर्ममध्ये न मागितलेला एक रकाना घुसवला. सर्व्हरने आलेलं सगळं तसंच आपल्या ऑब्जेक्टमध्ये भरून घेतलं आणि होमाकोव्हला रेल्स या प्रसिद्ध प्रकल्पाच्या कोडमध्ये बदल करण्याचा अधिकार मिळाला. बाहेरून येणाऱ्यासाठीही आपली छोटी, ठरलेल्या रकान्यांची वस्तू असती तर तो जादा रकाना दारातच गळाला असता. 2023 मध्ये ओवास्पने जास्त माहिती देणं आणि जास्त माहिती घेणं हे दोन्ही धोके एकाच शीर्षकाखाली आणले, ते याचसाठी.

बाकीची साधनंही हळूहळू कडक होत गेली. मायक्रोसॉफ्टच्या एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये 2018 पासून लेझी लोडिंग आहे, पण ते आपणहून चालू करावं लागतं. रेल्समध्ये 2020 च्या शेवटी ‘स्ट्रिक्ट लोडिंग’ आलं. ते लावलं की चिठ्ठीला हात लागताक्षणी प्रोग्रॅम ओरडतो, मग दार उघडं असो वा बंद.

तुम्हाला हे स्वतः बघायचं असेल तर लॅपटॉपवर कोणत्याही साइटवर आपल्या खात्यात लॉगिन करा, एफ 12 दाबा आणि नेटवर्क नावाच्या टॅबमध्ये जा. पान पुन्हा लोड केलं की सर्व्हरकडून आलेली उत्तरं तिथे एकाखाली एक दिसतात. एखादं उघडा. स्क्रीनवर तुमचं नाव आणि फोटो असेल. खाली आलेल्या मजकुरात किती रकाने आहेत, ते मोजून बघा.